किरकोळ म्हणून गाळलेल्या ओळी

सोमवार, ८ जानेवारी

निवृत्त होऊन सात वर्षं झाली आणि आज पुन्हा कामाला लागलो. चौतीस वर्षं मी छापखान्यात सूचीकार होतो. जाडजूड पुस्तकांच्या शेवटी बारीक टाइपातली यादी असते, कुठला शब्द कुठल्या पानावर, ती करणारा माणूस. यादी सगळे वापरतात, ती कुणी केली हे कुणी विचारत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

तर आज माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तीत तेवीस वह्या आहेत. वह्या माझ्या, शब्द सरांचे. सरांचा टायपिंगचा आणि लघुलिपीचा क्लास होता, चौदा यंत्रांचा. आठवडाभर त्या खोलीत कान किटतील इतका खडखडाट चालायचा. रविवारी सकाळी नऊला मात्र सगळ्या यंत्रांवर कापडी खोळी चढायच्या आणि आम्ही पाचसहा जण त्याच स्टुलांवर बसून सरांचं ऐकायचो. देह कोणाचा, मन कोणाचं, आसक्ती कशी सुटते, सेवा कशाला म्हणायचं. सर म्हणजे अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि रिबिनीच्या शाईने काळी झालेली बोटं. कुणी पाया पडायला वाकलं की म्हणायचे, "खाली काही पडलंय का?"

अकरा वर्षांत मी एकही रविवार चुकवला नाही. सरांनीच शिकवलेल्या लघुलिपीत त्यांचा शब्दन् शब्द टिपला. एकदा माझ्याकडे बघून ते म्हणाले होते, "तुझा हात फार छान ऐकतो." ही शाबासकी मी आजवर जपली आहे.

सर जाऊन सव्वीस वर्षं झाली. त्या रेघोट्या माझ्याखेरीज कुणाला वाचता येणार नाहीत, म्हणजे मी गेलो की सर रद्दीत. म्हणून लेकीने तोडगा काढला. ती दुसऱ्या शहरात संगणकाचं काम करते. मी वह्या उतरवून पाठवायच्या, ती फोनवर सोय करणार. शब्द टाकला की त्यावर सर जे जे बोलले ते समोर हजर.

बायको म्हणाली, "चला, माळा तरी मोकळा झाला."

गुरुवार, ११ जानेवारी

वही पहिली. पेन्सिल पुसट झाली आहे, पण कागदाला अजून यंत्राच्या तेलाचा वास आहे. की मला तसं वाटतं? बायकोला हुंगायला दिली तर तिला फक्त धूळ लागली.

कामाचे नियम ठरवून टाकले. त्या काळी मी समासात खुणा करायचो, सर कुणाकडे बघून बोलले त्याच्या. वकिलांसाठी तिरकी रेघ, आमच्यातल्या पोस्टमनसाठी, म्हणजे टपालसाठी टिंब, टेलिफोन ऑफिसातल्या बाईंसाठी आकडी. या खुणा आता घ्यायच्या नाहीत. ज्ञान हे सगळ्यांसाठी असतं. ते कुणाकडे बघून सांगितलं, याचा वाचकाला काय उपयोग? शिवाय किरकोळ बोलणं गाळायचं. "पंखा कमी कर", "आज उशीर का" असली वाक्यंही मी भाबडेपणाने टिपलेली आहेत. सूचीकाराचं खरं कसब गाळण्यात असतं. तो हात अजून शाबूत आहे, याचा आनंद झाला.

रविवार, २८ जानेवारी

टपाल येऊन गेला. हा माझा जुना मित्र, निवृत्त पोस्टमन. नाव कधीच मागे पडलं, सगळे त्याला टपालच म्हणतात आणि तो मला सूचीबुवा म्हणतो. रविवारच्या आमच्या कंपूतले आता आम्ही दोघेच उरलोत. वकील गेले, टेलिफोनवाल्या बाईही गेल्या.

पाऊणच तास बसला. वहिनींना विसरण्याचा आजार जडला त्याला आठ वर्षं होत आली. शेजारीण तेवढा वेळ जाऊन बसते. अंगाने निम्मा झालाय, पण सरांचा विषय निघाला की डोळे चमकतात. चौथं यंत्र त्याचं, सहावं माझं. चौथ्याची घंटी बिघडलेली होती, खोळीला नुसता धक्का लागला तरी वाजायची, आणि गंभीर विषयात नेमका टपालचा कोपर लागायचा. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मग त्याने तो भिंतीवरचा तक्ता आठवला, कुठलं बोट कुठल्या अक्षरावर ते दाखवणारा. सर म्हणायचे, तक्ता आठ दिवसांत पाठ होतो, बोटांत उतरायला वर्ष जातं. ज्ञानाचंही तसंच. श्रवण म्हणजे तक्ता. मनन म्हणजे सराव. निदिध्यास म्हणजे तक्ता भिंतीवरून काढून टाकला तरी बोट चुकत नाही ते. म्हणून एक वाक्य सांगून ते गप्प बसायचे, कधीकधी तासभर. मला ती शांतता आवडायची. मागचं राहिलेलं उतरवून घ्यायला वेळ मिळायचा.

रविवार, १७ मार्च

झालं! तेवीस वह्या, तीन हजार एकशे सहा वाक्यं, चारशे बारा शब्दांची सूची. लेकीने आज सकाळी ते सुरू केलं. 'आसक्ती' टाकलं, क्षणात अठ्ठ्याऐंशी वाक्यं. सरांनाही एका दमात इतकं आठवलं नसतं. माझे डोळे भरून आले. शिवाय रोज सकाळी एक वाक्य आपोआप सगळ्यांना जाणार आहे.

संध्याकाळपर्यंत दोनशे जणांनी घेतलं.

मंगळवार, २६ मार्च

अकराशे. लोक काय काय विचारतात. कुणी 'क्रोध' टाकतो, कुणी 'मृत्यू', एकाने 'वजन' टाकलं. तेही निघालं, एक वाक्य होतं.

खरं सांगायचं तर एक गोष्ट बरी नाही. सकाळचा जप होत नाही. आज माळेचे चाळीस मणी ओढले आणि उठलो, किती झाले ते बघायला. परत बसलो, परत उठलो. त्यात लोक उलट मलाही वचनं पाठवतात. दुपारपर्यंत दीडशे आली, सगळी उत्तम. वाचून होईस्तोवर पहिलं विसरलेलो असतो. हिचा फोनही तसाच वाजत असतो. आज वैतागून म्हणाली, "सकाळपासून चौदा जणांनी मला शांत राहायला सांगितलंय. एकानेही भांडी घासलेली नाहीत."

दुपारी दोन्ही फोन तिने कणकेच्या डब्यात ठेवले. तिथूनही ऐकू येत होते.

गुरुवार, ४ एप्रिल

टपालकडे गेलो. वहिनी खिडकीशी बसून ओढणीची घडी घालत होत्या, मोडत होत्या, परत घालत होत्या. टपाल बोलता बोलता मध्येच थांबतो, वाक्य कुठे होतं तेच त्याला सापडत नाही. वहिनी पहाटे तीनला उठतात आणि दार उघडायला बघतात, म्हणून हाही उठतो. कित्येक महिन्यांत सलग तीन तास झोप नाही.

त्याच्या मुलीने एक शिकलेली बाई बघितली आहे, दिवसभर वहिनींजवळ थांबेल अशी. सोमवारपासून येते म्हणतेय. टपालचं मन दोलायमान. शेवटी मला म्हणाला, "तुला काय वाटतं? सर काय म्हणाले असते?"

मी म्हटलं, विचारू की सरांनाच. खिशातून फोन काढला आणि 'सेवा' टाकलं. एकसष्ट वाक्यं आली. पहिलंच असं होतं: "जन्मभर ज्याने आपलं केलं, त्याची सेवा दुसऱ्याच्या हातून करवून घेशील तर ती कुठेच पोचणार नाही."

टपालने फोन हातात घेऊन तीनदा वाचलं. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सरांचंच आहे ना हे?"

"शब्दन् शब्द. माझ्या हातचं आहे."

मी निघालो तेव्हा तो पाठीवर हात ठेवून म्हणाला की बरं झालं विचारलं, डोक्यातला गोंधळ गेला. घरी येताना मला फार समाधान वाटत होतं. अकरा वर्षांचं टिपण आज एका माणसाच्या खऱ्याखुऱ्या उपयोगी पडलं.

सोमवार, ८ एप्रिल

टपालने बाईंना नको म्हणून सांगितलं. मुलगी रागावली आहे. बायकोला सांगितलं तर तिने लाटणं थांबवून माझ्याकडे बघितलं, आणि परत लाटायला लागली.

तीन हजार नऊशे.

सोमवार, २२ एप्रिल

दुपारी साडेचारला टपालच्या मुलीचा फोन आला, रडत होती. टपालला जेवण झाल्यावर बसल्या बसल्या झोप लागली. जाग आली तेव्हा दार उघडं होतं आणि वहिनी नव्हत्या. हा तसाच अनवाणी धावला, जिन्यावरून पडला, मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. त्याही अवस्थेत तो गल्लोगल्ली फिरत होता. वहिनी अडीच तासांनी सापडल्या, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, बसथांब्यावर. तो रस्ता त्यांनी एकट्याने कसा ओलांडला असेल, याचा विचार करवत नाही.

मुलगी म्हणाली, "काका, मी चार महिने मागे लागून बाबांना तयार केलं होतं. तुमच्या फोनमधल्या एका ओळीने ते फिरले."

मी म्हटलं, ओळ माझी नाही, सरांची आहे. हे बोलून गेलो आणि मीच घाईने फोन ठेवला.

मंगळवार, २३ एप्रिल

सकाळी पेटी उघडली. सतरावी वही, पान एकोणचाळीस. ते वाक्य आहे. मी ऐकण्यात काही चूक केलेली नाही, एक रेघ इकडची तिकडे नाही. आणि समासात तिरकी खूण आहे. तिरकी, म्हणजे वकील.

ती खूण पाहिली आणि तो रविवार सबंध उभा राहिला. वकील नवा कोट घालून आले होते. आईसाठी दोन माणसं ठेवली आहेत, पैशाकडे बघत नाही, असं कौतुकाने सांगत होते. सरांनी विचारलं, तुम्ही त्यांच्या खोलीत कधी गेला होतात? वकिलांना आठवेना. एकाच घरात राहून महिनाभर आईचं तोंड पाहिलं नव्हतं. तेव्हा सर त्यांच्याकडे बघून ते बोलले. वकिलांनी कोट काढून मांडीवर घेतला होता, हेही मला आठवलं.

त्याच्याच खालची ओळ. समासात टिंब. टिंब म्हणजे टपाल.

"तू मात्र दुपारी झोपत जा. वडिलांजवळ कुणाला तरी बसव."

तेव्हा टपाल रात्रपाळीला पत्रांच्या थैल्या निवडायचा आणि दिवसा अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं करायचा. रविवारी पेंगायचा, म्हणून तर घंटीला कोपर लागायचा. एकाच रविवारी, एकाच विषयावर, दोन माणसांना दोन उलटी वाक्यं. ज्याला जे पेलेल, ज्याचा जो अधिकार, त्याला ते. पहिलं मी सूचीत घेतलं. दुसऱ्यावर माझ्याच हाताने लाल पेन्सिलीची फुली आहे. फुली म्हणजे किरकोळ.

दिवसभर बसून सगळी टिंबं शोधली. एकवीस सापडली. "बूट भिजलेत, काढून बस." "जेवून आलास का? खोटं बोलू नकोस." "आज ऐकू नकोस, नुसता बस." एकवीसच्या एकवीस मी गाळली आहेत. त्यांत आत्मा नव्हता, देह नव्हता, कुठल्या शब्दाखाली लावणार? सरांनी टपालला अकरा वर्षं जे शिकवलं ते सगळंच मी रद्दीत काढलं.

मग मला माझी स्वतःची खूण शोधावीशी वाटली. स्वतःसाठी मी खूणच ठरवली नव्हती. लागलीच नसणार. अकरा वर्षांत सर माझ्याकडे बघून काय बोलले ते मला आठवेना. जेवताना हे हिला सांगितलं. ती म्हणाली, "मान वर केली असतीत, तर बोलले असते."

मला त्या वयात तिथे परत जायचं आहे. फक्त एक रविवार, वहीशिवाय.

बुधवार, २४ एप्रिल

टपालकडे गेलो, वही घेऊन. हात गळ्यात अडकवलेला, कपाळावर पट्टी. मुलगी रजा काढून आली आहे. तिने दार उघडलं आणि आत निघून गेली. वहिनी झोपल्या होत्या.

सगळं सांगितलं. खूण दाखवली, फुली दाखवली, खालची ओळ वाचून दाखवली. मी म्हटलं, माझ्या हातून मोठी चूक झाली, मला माफ कर. त्याने डाव्या हाताने वही ओढून घेतली. वाचता येत नाही तरी त्या टिंबाकडे बघत राहिला.

"मला हे आठवत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"झोपत जा म्हणाले होते ते. वडिलांजवळ शेजारच्या काकांना बसवून मी झोपायला लागलो, तेव्हाच तर जगलो. पहिल्या दिवसापासून आठवत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या फोनमध्ये नव्हतं ना. मला वाटलं, सर असं बोललेच नसतील. मीच आपल्या सोयीने मनात धरलं असेल."

बोटांत उतरलेलं होतं त्याच्या, तीस वर्षं. मी तक्ता दाखवून ते पुसलं. मला रडू आलं तेव्हा तोच म्हणाला, "सूचीबुवा, पुरे. तुझी वहिनी जागी होईल."

सोमवार, २९ एप्रिल

लेकीला सांगितलं, बंद कर. ती म्हणाली, "बाबा, पाच हजार माणसं रोज वाचतात." समजावून सांगितल्यावर तिने उपाय सुचवला, प्रत्येक वाक्यापुढे ते कुणाला सांगितलं होतं ते लिहू. वकील, आईकडे न बघणारा. पोस्टमन, झोप न झालेला. क्षणभर मला मोह पडला, डोक्यात सूचीचे रकानेसुद्धा पडायला लागले. मग म्हटलं, नको. वाचणारा स्वतःला त्यातला कोण समजेल, हे कोण ठरवणार? ते ठरवायला समोर बसून तोंडाकडे बघणारा माणूस लागतो.

ती नाराज आहे. तीन महिने तिनेही घातले होते. रविवारी फोन आला नाही. माझं चुकतंय का, हेही नक्की सांगता येत नाही. पाच हजारांतल्या कुणाला काही योग्य लागलंही असेल. पण बंद झालं. सकाळी घरात कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

रविवार, १२ मे

टपालच्या मुलीने बघितलेल्या त्या बाई आता सकाळी आठ ते दोन येतात. मुलगी कामावर परतली. दोन ते चार मी जाऊन बसायचं ठरलं आहे, तेवढ्यात टपालने झोपायचं. आज चौथा दिवस.

पहिले तीन दिवस वहिनी माझ्याकडे बघतच नव्हत्या. आज समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि नीट निरखून विचारलं, "तुम्ही कोण?"

मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. पाचेक मिनिटांनी परत, "तुम्ही कोण?" यांचा मित्र. बरं, म्हणाल्या. परत विचारलं. छापखान्यात होतो. परत. अमुक गल्लीत राहतो, एका मुलीचा बाप. परत. तुमच्या लग्नात वाढायला होतो मी. त्यांना प्रत्येक उत्तर पटायचं आणि एकही टिकायचं नाही. सरांकडे हा प्रश्न कितीदा ऐकला असेल, त्यावरची चौऱ्याण्णव वाक्यं मी स्वतः उतरवली आहेत. आज त्यातलं एकही तोंडात आलं नाही. समोर बाई खरोखरच विचारत होती, आणि तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

नवव्यांदा विचारलं तेव्हा माझ्याजवळचं सगळं संपलं होतं. मी म्हटलं, "माहीत नाही, वहिनी."

त्या जरा थांबल्या. मग हात पुढे करून माझ्या हातावर ठेवला आणि अगदी समजुतीने म्हणाल्या, "असू दे. होतं असं. बसा."

आम्ही बसलो. आत टपाल घोरत होता. चार वाजले, सव्वाचार झाले, पण मी त्याला उठवलं नाही.